पूर्व नाईल : पंधरा महिन्यांचे राज्य

शतकानुशतके टिकलेल्या साम्राज्यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. आज मी ज्या राज्याविषयी बोलणार आहे ते अवघे पंधरा महिने कागदावर राहिले. राज्य म्हणजे येथे आपल्याकडील घटकराज्यासारखा प्रांत समजावा. नाव पूर्व नाईल, देश दक्षिण सुदान.

हा देश ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला, तेव्हा त्याची दहा राज्ये होती. त्यांतील ईशान्येकडचे राज्य ऊर्ध्व नाईल, आणि त्याची राजधानी मलाकाल. पुढील सारी हकीकत कळण्यास हे शहर कोठे वसले आहे हे ध्यानी घेतले पाहिजे. श्वेत नाईल येथे उत्तरेकडे वाहते. सोबात नदी तिला जेथे मिळते, तेथून जवळच पूर्व तीरावर मलाकाल आहे. पश्चिम तीर प्रामुख्याने शिलुक लोकांचा. त्यांच्या राजाला 'रेथ' म्हणतात. १८९८ साली फ्रेंच कप्तान मार्शां आणि इंग्रज सेनापती किचनेर एकमेकांसमोर ठाकले आणि युरोपात युद्ध पेटते की काय अशी वेळ आली, ते फशोदा याच तीरावरचे. ते ठाणे आज कोडोक म्हणून ओळखले जाते. पूर्वेकडच्या मुलखात पदांग डिंका लोकांची वस्ती, सोबातच्या वरच्या अंगाला नुएर. मलाकालच्या बाजारात मात्र हे सारेच. शिलुक म्हणत, नदीचा हा काठही पूर्वापार आमचा. पदांग डिंका म्हणत, शहर आमच्या भूमीवर आहे. इंग्रजी अमलात आणि त्यानंतरही प्रांत एकच असल्यामुळे या वादाचा निकाल लावण्याची निकड कोणास भासली नाही.

डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे माजी उपाध्यक्ष रीक माचार यांच्या पक्षांत यादवी युद्ध सुरू झाले. मलाकाल कधी एका पक्षाच्या हाती, कधी दुसऱ्याच्या. ऑगस्ट २०१५ मध्ये तह झाला. त्यात दहा राज्ये गृहीत धरली होती आणि ऊर्ध्व नाईलचा राज्यपाल विरोधी पक्षाने सुचवावा असे ठरले होते. तहावरची शाई वाळते न वाळते तोच, २ ऑक्टोबरला, कीर यांनी एका हुकुमाने दहांची अठ्ठावीस राज्ये केली. ज्या राज्याचा राज्यपाल विरोधकांना मिळावयाचा, ते राज्यच नाहीसे झाले! त्याच्या जागी तीन राज्ये आली : शिलुकांसाठी पश्चिम नाईल, नुएरांसाठी लाटजोर, आणि तिसरे पूर्व नाईल. मलाकाल या तिसऱ्यात गेले. मेलूतकडच्या तेलविहिरीही तिकडेच गेल्या. आणि त्या देशाच्या कायद्याप्रमाणे तेलाच्या उत्पन्नाचा एक हिस्सा ज्या राज्यात तेल निघते त्याला मिळावयाचा असतो.

सत्ता खेड्यापाड्यांच्या जवळ नेण्यासाठी ही वाटणी केली, असे सरकारचे म्हणणे होते. ते सर्वस्वी पोकळ होते असे मी म्हणणार नाही. संघराज्याची मागणी दक्षिणेत जुनी आहे, आणि स्वतः माचार यांनीच आधी एकवीस राज्यांची योजना मांडली होती. प्रश्न संख्येचा नव्हताच. रेघ कोठून जाते आणि ती ओढताना कोणास विचारले, हा होता. नदीला सीमा ठरविताच शिलुक माणूस आपल्याच शहरात परका ठरला.

डिसेंबर २०१५ च्या अखेरीस नवे राज्यपाल नेमले गेले. त्यानंतर मलाकालच्या सरकारी कचेऱ्यांतून शिलुक, नुएर आदी नोकरांना दूर करून त्यांच्या जागी डिंका नेमण्यात आले. शहराबाहेर संयुक्त राष्ट्रांच्या तळालगत निर्वासितांची छावणी होती. युद्धातून जीव वाचवून आलेले सुमारे ४७,००० लोक तेथे होते. शिलुक, नुएर, डिंका, सारे. १७ आणि १८ फेब्रुवारी २०१६ रोजी या छावणीवर सशस्त्र हल्ला झाला. शिलुक व नुएर राहत तो भाग जळाला, निदान तीस माणसे मेली. रक्षणार्थ ठेवलेल्या शांतिसेनेत इथिओपिया व रवांडा यांच्या बरोबरीने आपल्या भारताचेही जवान होते, आणि पुढील चौकशीत या सेनेच्या दिरंगाईवर ठपका आला. ते कटू असले तरी सांगितले पाहिजे. छावणीतील डिंका कुटुंबे शहरात राहावयास गेली. शिलुक आणि नुएर तळाच्या आश्रयालाच राहिले. कागदावरच्या वाटणीप्रमाणे माणसेही वाटली गेली.

खुद्द पूर्व नाईल फार दिवस जगले नाही. १४ जानेवारी २०१७ रोजी अठ्ठाविसांची बत्तीस राज्ये झाली, तेव्हा त्याचेही दोन तुकडे पडले. मलाकाल मध्य ऊर्ध्व नाईलमध्ये गेले, उत्तरेच्या तुकड्याची राजधानी रेंक झाली. २०१८ च्या नव्या तहानंतरही राज्यांच्या संख्येवर घोडे अडून राहिले. अखेर १५ फेब्रुवारी २०२० रोजी कीर यांनी पुन्हा दहा राज्ये, आणि जोडीला तीन स्वतंत्र प्रशासकीय क्षेत्रे, हे मान्य केले. ऊर्ध्व नाईल नकाशावर परत आले. विरोधकांनी शिलुक सेनानी जॉन्सन ओलोनी यांचे नाव राज्यपालपदासाठी सुचविले. कीर यांनी ते स्वीकारले नाही. इतर राज्यांना राज्यपाल मिळाले तरी हीच एक खुर्ची रिकामी राहिली. जानेवारी २०२१ मध्ये, विरोधकांच्याच पक्षातील बुढोक आयांग कुर यांची नेमणूक झाली, तेव्हा ती भरली. राज्य पूर्ववत झाले होते. छावणी मात्र अजून उठली नव्हती.