जुन्नरात पाणी शंभरावर उकळत नाही

2018 साली जुन्नर ‘पर्यटन तालुका’ म्हणून जाहीर झाला. माळशेजच्या वाटेवर आणि नारायणगावच्या आसपास रिसॉर्ट वाढले, तसे जलतरण तलावही आले. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा तलावाला हीट पंप लागतो. त्यात पाणी येतं त्या नळीवर एक सेन्सर, जातं तिथे दुसरा, बाहेरच्या कॉइलवर तिसरा. हे खरं बोलतात की नाही, ते तपासायची पहिली युक्ती कुणालाही सुचेल अशी: पाणी उकळा, सेन्सर बुडवा, शंभर दाखवतो का बघा.

जुन्नरात तो दाखवणार नाही, आणि त्यात सेन्सरचा काही दोष नाही. शंभर हा आकडा समुद्रसपाटीचा. जुन्नर सुमारे 690 मीटरवर आहे, तिथे पाणी 97.7 च्या आसपास उकळतं. हरिश्चंद्रगडाच्या माथ्यावर 95 ला. कंट्रोलरमध्ये सव्वादोन अंशांचा ऑफसेट भरून मोकळा होणारा माणूस चांगला सेन्सर बिघडवतो.

ही अडचण जुनी आहे. उत्कलनबिंदू हवेच्या दाबाबरोबर सरकतो, हे फॅरनहाइटने 1724 मध्ये नोंदलं. 1742 मध्ये स्वीडनच्या अँडर्स सेल्सिअसने मोजपट्टीला दोन खुंट्या ठोकल्या: उकळत्या पाण्याला शून्य, वितळत्या बर्फाला शंभर. उलटंच! त्याच्या पश्चात ती सुलटी झाली. पण बर्फाची खुंटी जागची हलत नाही आणि उकळीची हलते, हे त्याने नीट पडताळलं होतं. जुन्नरच्या उंचीने बर्फाच्या वितळणबिंदूत पडणारा फरक अंशाच्या हजाराव्या भागाइतकाही नाही.

उकळीच्या याच खोडीचा उपयोग करणारा माणूस आपल्याच डोंगरांत फिरला. कर्नल विल्यम साइक्स 1824 पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत होता. पाणी उकळायचं, साधा थर्मामीटर बुडवायचा आणि आकडा किती घसरला त्यावरून ठिकाणाची उंची काढायची, ही रीत त्याने 1838 मध्ये रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली. साधारण 300 मीटरला एक अंश. आदल्याच वर्षी जुन्नरच्या बौद्ध लेण्यांतले शिलालेखही त्याने छापले होते. तलावाच्या मिस्त्रीला जी नड वाटते, ती साइक्सची मोजपट्टी होती.

आजच्या सेन्सरचं घराणं मात्र वेगळं. तापवलं की सिल्व्हर सल्फाइडचा विद्युतरोध कमी होतो, हे फॅरडेने 1833 मध्ये पाहिलं. त्याच गुणावर पुढे थर्मिस्टर आला. हीट पंपात बहुधा हाच असतो: 25 अंशांना 10 हजार ओहम, शून्याला तिसेक हजार. प्लॅटिनमची शाखा कॅलेंडर नावाच्या शास्त्रज्ञाने 1887 मध्ये पक्की केली. तिच्यातला पीटी-100 सेन्सर शून्याला बरोबर 100 ओहम दाखवतो, पण अंशामागे जेमतेम 0.385 ओहम बदलतो. दोनच तारांवर जोडला आणि वायरने एक ओहम घातला की अडीच अंश चुकले. थर्मिस्टरला तेवढ्याने काही होत नाही. त्याचे शत्रू ओल आणि गंज. आत ओल शिरली की रोध घटतो, सेन्सर पाणी आहे त्याहून गरम सांगतो आणि पंप लवकर थांबतो. जोड गंजला की उलट, पंप चालतच राहतो.

तेव्हा तपासणी बर्फात करायची, आणि बर्फ हवा तर रसवंतीवर मिळतो. लादी मिठाच्या पाण्याच्या टाकीत डबे सोडून गोठवलेली असते, म्हणून आधी साध्या पाण्याने धुवायची. मीठ राहिलं तर शून्याच्याही खाली जाल. बारीक फोडून थर्मास गच्च भरायचा आणि फटी भरतील एवढंच पाणी घालायचं. पाणी जास्त झालं तर बर्फ तरंगतो आणि तळाशी चार अंशांचं जड पाणी साचतं. सेन्सर नेमका तिथेच टेकतो. पाणी येतं आणि जातं त्या नळ्यांवरचे दोन्ही सेन्सर एकत्र बांधून बुडवावेत, हलवत राहावेत, आकडे स्थिरावू द्यावेत. दोघांतली तफावत इथेच उघडी पडते.

नारायणगावच्या द्राक्षांच्या शीतगृहाला एवढं पुरतं, कारण तिथलं कामच शून्यापाशी चालतं. तलावाचं चालतं 28 ला, आणि थर्मिस्टरची रेषा सरळ नसते. शून्यावरची चूक 28 वर तेवढीच असेल असं नाही. म्हणून दुसरी तपासणी बादलीत, तलावाच्याच पाण्यात, प्रमाणित थर्मामीटर शेजारी धरून. ऑफसेट भरायचा तो या दुसऱ्या आकड्याचा.

10 मीटर लांब, 4 रुंद, दीड खोल तलावात 60 हजार लिटर पाणी असतं. ते एक अंश तापवायला 70 युनिट उष्णता लागते. पाचपट उष्णता देणारा पंप असेल तर 14 युनिट वीज. हा झाला एकदाच तापवण्याचा खर्च. गंजलेल्या जोडामुळे पाणी अंशभर जास्त गरम राहत असेल, तर रात्रभर हवेत जाणारी वाढीव उष्णता वेगळी मोजावी लागते, आणि ती मोजायची कुणाला आठवण नसते.