सातपुड्याचा मुलूख : मोलगी, काठी आणि आपण

डोंगराळ देशाचे नाव विचारले की वर्गातली मुले एका सुरात स्वित्झर्लंड म्हणतात. ही हिंदी सिनेमाची कृपा! उरी, श्वीझ आणि उंटरवाल्डेन या तीन खोऱ्यांनी १२९१ मध्ये एकमेकांना साथ देण्याचा करार केला आणि त्यातून तो देश वाढत गेला. हे सांगताना मला आपला सातपुडा आठवतो. अक्कलकुव्याहून देवगोई घाट चढून मोलगीला जा. हिवाळ्यात त्या बाजूच्या डाबला पहाटे दवबिंदू गोठतात. पण या डोंगराला इतिहास आहे, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही.

पायथ्याचा इतिहास लिहिलेला आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता नंदुरबारवरून गेला. तिथली मराठ्यांची वस्ती, हुन्नरी कारागीर, वैद्य आणि ज्योतिषी यांची त्याने नोंद केली. फिरोजशाह तुघलकाने मलिक राजाला थाळनेरचा मुलूख दिला. १३८२ पासून फारूकी घराणे स्वतंत्रपणे खानदेशवर राज्य करू लागले. १६०१ मध्ये असीरगड अकबराच्या हाती गेला आणि ते राज्य संपले. 'आईन-ए-अकबरी'त नंदुरबार हे माळवा सुभ्यातले सरकार म्हणून येते.

डोंगरावर मात्र सुलतान आले काय आणि सुभेदार गेले काय, कारभार स्थानिक नायकांचाच राहिला. काठी, चिखली, नाला, सिंगपूर, गव्हाळी आणि नवलपूर ही मेवासी संस्थाने होती. १८१८ नंतर इंग्रजांनी खानदेश घेतला, पण भिल्लांना बंदुकीने नमवता येईना. शेवटी १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने धरणगावला भिल्लांचीच पलटण उभी केली. मेवासी राजांना मान देऊन त्यांच्यावर देखरेख ठेवली गेली. स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली, धुळे जिल्ह्यातून १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा निघाला. काठीचा राजा आज फक्त मानाचा असला, तरी होळी अजून 'राजवाडी'च म्हणवते. ती १२४६ पासून चालत आल्याचे लोक सांगतात. याचा ताम्रपट कोणी मागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ढोल वाजतो आहे, हाच त्यांचा दस्तऐवज.

२०२५ ची होळी रमजानमध्ये आली. मोलगीकडच्या एका सहकारी शिक्षकाने आग्रह केला, "सर, रोजा आहे म्हणून काय झालं? सहरी आमच्याकडे करा!" भोंगऱ्या बाजारात गर्दीला अंत नव्हता. आमचूर, गूळ-डाळ्या, हार-कंगन, घुंगरू, ढोल असा सगळा बाजार भरला होता. इफ्तारला त्याच्या आईने खजुराबरोबर भगर समोर ठेवली. काठीत रात्रभर नाच चालला. मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे, अंगावर राखेची नक्षी असे बुध्या-बावा फेर धरत होते. उंच बांबूच्या दांड्यासाठी खड्डा अवजाराने नाही, हाताने कोरतात. नवस पाळणारे जमिनीवर झोपतात, ब्रह्मचर्य पाळतात. त्यांचे हे व्रत आणि माझा रोजा एकमेकांना अनोळखी वाटले नाहीत. भाकरी आणि आमचूराची चटणी खाऊन मी नियत केली. थोड्याच वेळात पहाटेच्या गारव्यात होळी पेटली. मी बाजूच्या शेतात फजर पढलो. कोणी हटकले नाही. उलट एका म्हाताऱ्याने अंथरायला आपले घोंगडे दिले.

तिथे 'तडवी' आडनावाची माणसे भेटली, देवमोगरेची भक्त. आमच्याकडे यावल, रावेर, चोपड्याला हेच आडनाव मुसलमानाचे असते. एकाच सातपुड्याची ही लेकरे. यावल-रावेरच्या तडवींना "तुम्ही नेमके कोण?" असे दोन्ही बाजूंनी विचारले जाते. मोलगीच्या पोरांना शहरात गेल्यावर "जंगलातून आलात का?" असे विचारतात. ज्यांचा इतिहास पुस्तकात नसतो, त्यांना असा हिशेब द्यावा लागतो. फारूकींची दोनशे वर्षे पाठ्यपुस्तकात दोन ओळींत उरकतात, मेवासींना तर तेवढीही जागा मिळत नाही.

म्हणून मी आता उर्दूच्या तासालाही मुलांना एक काम देतो. घरातल्या दादा-दादींना विचारा, सातपुड्याच्या कोणत्या बाजाराला जात होतात, काय विकत होतात, कोणाच्या घरी मुक्काम करत होतात. उत्तरे उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पावरीत सांगा. वह्या भरू लागल्या आहेत. तुमच्या घरात कोणी बुजुर्ग असतील, तर तुम्हीही आजच विचारून ठेवा.