गृहशिक्षण

मुलांना शाळेत न घालता पालकांनी स्वतः, घरी व घराच्या परिसरात दिलेल्या शिक्षणास गृहशिक्षण असे म्हणतात. शिकवणी शाळेला पूरक असते. गृहशिक्षण शाळेची जागा घेते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर घरोघरी जे घडले, ते या अर्थाने गृहशिक्षण नव्हे. अभ्यासक्रम व मूल्यमापन तेव्हाही शाळेकडेच होते.

इतिहास

शाळा सर्वत्र पोहोचण्यापूर्वी घर हेच विद्येचे एक प्रमुख स्थान होते. याचे ठळक उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते रमाबाईंना दिले. कुटुंब तीर्थयात्रा व पुराणकथन करीत फिरत असे. अध्ययन प्रवासातच चाले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. तथापि याची दुसरी बाजूही विसरता येत नाही. व्यावहारिक शिक्षण न मिळाल्याने दुष्काळात या कुटुंबाजवळ उपजीविकेचे साधन उरले नाही आणि १८७४ मध्ये आईवडील दोघेही मृत्यू पावले.

अनेक मुलांचे एकत्र अध्यापन

एका घरात सहा, नऊ व तेरा वर्षांची मुले असतील, तर पालकापुढे एकशिक्षकी शाळेतील गुरुजींचाच प्रश्न उभा राहतो. तेथील बहुवर्ग अध्यापनाची रीत येथेही उपयोगी पडते. गणित आणि वाचन-लेखन यांत पायरी चुकवून चालत नाही. ते प्रत्येकाला स्वतंत्रपणे, सकाळच्या ताज्या वेळी शिकवावे लागते. इतिहास, भूगोल व परिसर अभ्यास मात्र एकत्र घेता येतात: विषय एक, अपेक्षा वेगवेगळी. थोरल्याने धाकट्याला शिकवणे दोघांच्याही हिताचे असते. परंतु थोरल्या मुलीला कायमची मदतनीस करून तिचाच अभ्यास मागे पडणे, हा दोष मोठ्या कुटुंबांत सहज शिरतो.

परिसर व सहली

बुलढाणा जिल्ह्यातील नांदुरा हे या दृष्टीने संपन्न ठिकाण आहे. पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात असल्याने येथील अनेक विहिरींचे पाणी खारट लागते. खारे पाणी म्हणजे समुद्र, अशी समजूत असलेल्या मुलाला पहिला प्रश्न घरच्या पोहऱ्यातच सापडतो. त्यापुढे जिल्ह्याच्या दक्षिण भागातील लोणार सरोवर पाहावे. उल्कापाताने बेसाल्ट खडकात झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे असून त्यातील पाणी खारट व अल्कधर्मी आहे. काठावरच्या गोमुखाची धार मात्र गोडी आहे. जून २०२० मध्ये सूक्ष्मजीवांमुळे सरोवराचे पाणी गुलाबी झाले होते आणि त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. धाकट्याने पक्षी मोजावेत, मधल्याने विवराचा नकाशा काढावा, थोरल्याने विहिरीचे व सरोवराचे पाणी वेगवेगळ्या कारणांनी खारट कसे, हे शोधावे. सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, इतिहासाचा पाठ पुरवतो. सहलीनंतर लेखन झाले नाही, तर ती केवळ सहलच राहते.

कायदा व परीक्षा

गृहशिक्षणासाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटासाठी असून, पाल्याला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकाचे कर्तव्य मानले आहे. मात्र पालकासाठी दंडाची तरतूद नाही. मान्यतेशिवाय शाळा चालवल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, म्हणून चार घरांची मुले रोज एकत्र बसवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. घरी शिकणाऱ्या मुलाची प्रगती तपासणारी यंत्रणा कायद्यात नाही, ही उणीव प्रस्तुत लेखकास अधिक गंभीर वाटते.

प्रमाणपत्राचा प्रश्न पुढे येतोच. मुंबईत घरी शिकलेल्या एका विद्यार्थिनीने आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिंपियाडमध्ये तीन पदके मिळवली. २०१६ मध्ये अमेरिकेतील एमआयटीने तिला प्रवेश दिला, परंतु बारावी उत्तीर्ण नसल्याने आयआयटीचे दार बंद होते. सामान्य कुटुंबाला असा अपवाद परवडत नाही. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या व आता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेची दहावीची परीक्षा १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी व आठवीच्याही परीक्षा घेते. प्रयोग जमला नाही, तर शिक्षण हक्क कायद्यानुसार मुलाला वयानुरूप वर्गात शाळेत प्रवेश मिळतो.