थंड शेवयांची कहाणी

शेवया आपल्याला परक्या नाहीत. चैत्र-वैशाखात ऊन कडकडीत तापले म्हणजे घरोघरी शेवया करायच्या, बाजेवर वाळवायच्या आणि डब्यांत भरून वर्षभर पुरवायच्या, ही महाराष्ट्रातली जुनी रीत. पण आपण उन्हाचा उपयोग करतो तो शेवया वाळवण्यापुरता. खाताना मात्र दुधातली गरम खीर! चीन, कोरिया आणि जपान या देशांत उन्हाळा लागला की शेवया उकडून गार पाण्यात धुतात, वर काकडी, अंडे, मांस नि आंबटगोड रस घालतात आणि थंडगार खातात. आज हे तिथले साधे दुपारचे जेवण आहे. पण ते साधे व्हायला हजार-बाराशे वर्षे लागली. कणीक मळून शेवया करणे कुणालाही जमत होते. भर उन्हाळ्यात गारवा मिळवणे मात्र फार थोड्यांच्या हाती होते. म्हणून थंड शेवयांची कहाणी ही खरे तर गारव्याच्या मालकीची कहाणी आहे.

आरंभ चीनपासून करू. तिथे तांग राजघराण्याच्या काळी, म्हणजे आठव्या शतकात, राज्यकारभाराचे नियम सांगणारा एक मोठा ग्रंथ तयार झाला. दरबारी अधिकाऱ्यांना कोणत्या ऋतूत काय जेवायला द्यावे, हेही त्यात नोंदले आहे. हिवाळ्यात गरम रश्शातल्या शेवया आणि उन्हाळ्यात 'लंगताव', म्हणजे थंड शेवया. त्याच काळातला थोर कवी तू फू याने झाडाच्या कोवळ्या पानांच्या रसात पीठ मळून केलेल्या हिरव्यागार थंड शेवयांवर एक कविता रचली आहे. गंमत पाहा, इतका सुखाचा घास खाताना त्याला आठवण होते ती सम्राटाची! गार घास ही त्या काळी राजाला अर्पण करावी अशी वस्तू होती.

चीनमधून शेवया जपानात गेल्या. इ. स. 927 मध्ये पुऱ्या झालेल्या 'एंगीशिकी' या दरबारी नियमांच्या ग्रंथात सातव्या महिन्याच्या सातव्या तिथीला पिठाच्या पिळलेल्या शेवया अर्पण करण्याचा उल्लेख येतो. ही तिथी म्हणजे 'तानाबाता' हा ताऱ्यांचा सण. तो लक्षात ठेवा बरं का, कारण पुढे हजार वर्षांनी याच सणाशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

आता कोरियात येऊ. कोरियाच्या थंड शेवयांना 'नेंगम्यन' म्हणतात, आणि वाचून नवल वाटेल, पण हा पदार्थ मुळात हिवाळ्याचा! 1849 साली होंग सोक मो या विद्वानाने वर्षभरातील सण आणि चालीरीतींचे एक पुस्तक लिहिले. त्यात नेंगम्यनची नोंद आहे ती अकराव्या महिन्याखाली, म्हणजे ऐन थंडीत. तिथल्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात कुट्टूचे पीक शरद ऋतूत हाती येते. त्याच्या पिठाच्या शेवया करायच्या आणि मुळ्याच्या आंबवलेल्या गार पाण्यात बुडवून खायच्या. बाहेर बर्फ, घरात खालून शेकलेली ऊबदार जमीन आणि पुढ्यात गारेगार वाडगा, अशी ती मौज होती. हिवाळ्यात गारवा फुकटचा. तेव्हा गरिबालाही तो परवडे.

उन्हाळ्यातला बर्फ ही निराळी गोष्ट. सोल शहराजवळ हान नदीकाठी राजाची दोन बर्फाची कोठारे होती. हिवाळ्यात नदी गोठली म्हणजे बर्फाच्या लाद्या कापून तिथे साठवायच्या आणि उन्हाळ्यात त्या राजवाड्याला व बड्या अधिकाऱ्यांना वाटायच्या. लाद्या कापणारे कोण? नदीकाठचे गावकरी, वेठीला धरलेले. कडाक्याच्या थंडीत हात गोठवून घ्यायचे त्यांनी, आणि उन्हाळ्यात जीव निववायचा दुसऱ्यांनी! ती कोठारे गेली, पण सोलमधल्या दोन वस्त्यांना अजून त्यांचीच नावे आहेत. ग्योंगजू गावी मात्र 1738 साली बांधलेले दगडी कोठार आजही पाहायला मिळते.

आपल्याकडेही याहून वेगळे नव्हते. 1833 साली अमेरिकेतल्या बोस्टनहून तळ्यातला बर्फ जहाजात भरून कलकत्त्याला आला. पुढे मुंबई, मद्रासलाही येऊ लागला, पण तो पोचला साहेबांच्या आणि धनिकांच्या पेल्यांत. इराणातून मोगलांच्या काळी आलेल्या फालुद्याच्या थंड शेवया मुंबईच्या रस्त्यावर सर्वांना मिळू लागल्या त्या यंत्राचा बर्फ स्वस्त झाल्यावरच.

कोरियातही विसाव्या शतकाच्या आरंभी बर्फाचे कारखाने निघाले आणि हिवाळ्याचा हा पदार्थ बघता बघता उन्हाळ्याचा झाला. प्योंगयांग आणि सोल इथल्या खाणावळींत उन्हाच्या दिवसांत नेंगम्यनसाठी गर्दी होऊ लागली.

मग आले युद्ध. 1950 ते 1953 या तीन वर्षांत उत्तरेकडची लक्षावधी माणसे घरदार सोडून दक्षिणेला आली. आणखी काही आणता आले नाही, पण शेवया करण्याची विद्या हाताबरोबर आली. हामहुंग भागातल्या लोकांनी आपल्या पिष्टाच्या चिवट, तिखट मसाल्यात कालवलेल्या शेवया आणल्या. बुसान बंदरात कुट्टू मिळेना, तेव्हा परदेशी मदतीतून आलेल्या गव्हाच्या पिठाच्याच शेवया केल्या. तो 'मिलम्यन' आज बुसानचा अभिमान आहे. ज्यांना पुन्हा गाव दिसले नाही, त्यांना गावाची चव तेवढी राखता आली. 27 एप्रिल 2018 रोजी उत्तर आणि दक्षिण कोरियाचे नेते सीमेवर भेटले, तेव्हा प्योंगयांगच्या प्रसिद्ध ओकर्यूग्वान उपाहारगृहातले शेवयांचे यंत्रच सीमेजवळ आणले होते. मेजवानीत त्याच शेवया वाढल्या गेल्या.

जपानची गोष्ट राजाची नव्हे, युद्धाचीही नव्हे. ती दुकानदारांच्या पोटाची आहे. ईशान्य जपानात सेंदाई नावाचे शहर आहे. तिथल्या चिनी पद्धतीच्या खाणावळींत गरम रश्शातल्या शेवया विकत. उन्हाळ्यात दुकाने तापत आणि गिऱ्हाईक पाठ फिरवी. ऑगस्टमध्ये तानाबाताचा मोठा उत्सव, गावात यात्रेकरूंची दाटी, पण उकळता वाडगा घेणार कोण? तेव्हा खाणावळवाल्यांच्या संघाने एकत्र बसून विचार केला आणि 1937 साली 'र्‍यूतेई' या दुकानात थंड शेवयांचा नवा पदार्थ सिद्ध झाला. टोकियोतले एक उपाहारगृह हा मान स्वतःकडे घेते. तिथे 1933 साली शेवयांचा ढीग फुजी पर्वतासारखा रचून भोवती रंगीबेरंगी जिन्नस मांडले गेले. मान कुणाचाही असो, पदार्थ सगळ्या देशाचा झाला. त्याचे नाव 'हियाशी चूका'. आपल्या चुकांशी याचा संबंध नाही हो. याचा अर्थ 'थंड, चिनी पद्धतीचे'. ज्या सणाला हजार वर्षांपूर्वी दरबारात शेवया अर्पण होत, त्याच सणाच्या गर्दीसाठी आता बाजारात थंड शेवया आल्या. 'हियाशी चूका सुरू झाले' अशी पाटी दुकानावर लागली की जपानी माणूस समजतो, उन्हाळा आला!

आता हा पदार्थ घरी करून पाहायचा तर अवघड काही नाही. चार माणसांना पाव किलोहून थोड्या अधिक बारीक नूडल्स भरपूर पाण्यात उकडाव्या. शिजताच चाळणीत ओतून गार पाण्याखाली हाताने चोळून धुवाव्या. यात कंटाळा करू नये. वरचा चिकट पिठूळपणा निघून गेला तरच शेवया मोकळ्या आणि कणखर राहतात. शेवटी बर्फाच्या पाण्यात बुडवून नीट निथळाव्या. रसासाठी चार चमचे सोया सॉस, तीन चमचे व्हिनेगर, दोन चमचे साखर, चमचाभर तिळाचे तेल आणि अर्धी वाटी पाणी एकत्र करून गार करावे. वर काकडीच्या उभ्या सळ्या, पातळ ऑम्लेटच्या पट्ट्या, टोमॅटो, उकडलेले मुगाचे मोड, चालत असेल त्यांनी कोंबडीचे शिजवलेले मांस. रस मात्र पान वाढल्यावरच ओतावा, नाहीतर शेवया तो पिऊन फुगतात.

एवढे करायला आज नळाचे पाणी आणि शीतपेटीतला बर्फाचा साचा पुरतो. तो बर्फ सहज हाताशी येतो म्हणून त्याचे मोल आपल्याला जाणवत नाही. पण गोठलेल्या हान नदीवर लाद्या कापणाऱ्या त्या गावकऱ्यांना हा गार घास कधी मिळाला नव्हता. आणि आपल्या आसपासही, भर दुपारी ओझी वाहणाऱ्या किती जणांना तो मिळतो, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीत पाहून ठरवावे. उन्हाळ्यात पान वाढाल, तेव्हा दारी आलेल्या माणसासाठी एक वाडगा जास्तीचा गार करायला विसरू नका.