गोधडी

जुन्या सुती कापडाचे थर एकमेकांवर अंथरून व त्यांवर सर्वत्र धावदोरा घालून घरोघरी शिवले जाणारे अंथरूण-पांघरूण. दक्षिण महाराष्ट्रात यासच ‘वाकळ’ म्हणतात. गरज भागविण्यासाठी निर्माण झालेल्या या वस्तूत रंगांची निवड, ठिगळांची मांडणी व टाक्यांची वीण यांना शिवणाऱ्या स्त्रीच्या हौसेनुसार वाव मिळत गेला व तिला घरगुती हस्तकलेचे रूप आले.

पूर्वपरंपरा : ठिगळे जोडून केलेल्या वस्त्रास संस्कृतात ‘कंथा’ म्हणतात. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकडे जोडून करण्याचा नियम होता. मगधातील बांध घातलेली भातशेते पाहून बुद्धाने आनंदास चीवराची तशी आखणी करण्यास सांगितले, असे विनयपिटकात म्हटले आहे. परिसरातील दृश्यावरून वस्त्राची मांडणी सुचल्याचे हे प्राचीन उदाहरण होय. बंगालची कांथा व उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रियांची कवंदी ही गोधडीची जवळची भावंडे होत. महाराष्ट्रात ठिगळांचे वस्त्र दारिद्र्याचे व विरक्तीचेही चिन्ह मानले गेले. संत गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) त्यांच्या वेशावरून ‘गोधडे महाराज’ असे म्हणत.

नातेपुते परिसर : नातेपुते (ता. माळशिरस, जि. सोलापूर) हे पर्जन्यछायेच्या प्रदेशातील गाव शंभू महादेवाच्या डोंगररांगेच्या पूर्वेस, पुणे–पंढरपूर मार्गावर वसले आहे. आळंदीहून निघणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी फलटण, बरडवरून सोलापूर जिल्ह्यात आल्यावर येथे मुक्काम करते. या भागात पांघरुणाचे दोन भिन्न प्रकार शेजारीशेजारी नांदले. मेंढीच्या लोकरीचे घोंगडे सनगर विणतात. त्यास चिंचोक्याची खळ देतात, ते बाजारात विकले जाते, आणि पाऊस अडवीत असल्याने मेंढपाळास व वारकऱ्यास रानावाटेवर उपयोगी पडते. गोधडी मात्र घरातली. तिला ना माग लागतो, ना बाजार. घोंगड्यामागे एका जातीचा व्यवसाय उभा राहिला. गोधडीचे कौशल्य आईकडून मुलीकडे व सासूकडून सुनेकडे आले आणि त्याची गणना कारागिरीत क्वचितच झाली.

तंत्र व आकृतिबंध : लुगड्याचे धडपे, विरलेली धोतरे, फेटे व मुलांची जुनी अंगडी धुऊन, वाळवून सपाट जागी अंथरतात. पुष्कळ वेळा वरचा व खालचा थर अखंड लुगड्याचा असतो व मधल्या थरांत लहानमोठे तुकडे बसवितात. प्रथम मोठे कच्चे टाके घालून थर जागच्या जागी धरून ठेवतात. नंतर कडेपासून आत, चौकटीत चौकट येईल अशा रीतीने किंवा समांतर ओळींत धावदोरा घालतात. दोरा किंचित ओढला गेल्याने पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या उमटतात. थरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे गोधडीस ऊब येते.

चौकडा, त्रिकोण व शंकरपाळे हे आकार विशेष दिसतात, कारण कापडाच्या सरळ कडांतून ते कमीत कमी नासाडीने निघतात. लुगड्याचे काठ तिच्या किनारीला येतात. इरकलीचा पदर किंवा खणाचा तुकडा सहसा ठळक जागी बसवितात. मळ दिसू नये म्हणून गडद रंग कडेला घेतात. बाळाच्या दुपट्यासाठी मात्र वापरून अगदी मऊ झालेले कापड निवडतात. शिल्लक चिंध्यांच्या मर्यादेतच योजना करावी लागत असल्याने कोणत्याही दोन गोधड्या सारख्या होत नाहीत.

स्थित्यंतर : सोलापुरात १८७७ मध्ये कापडगिरणी सुरू झाली व पुढे हे शहर गिरण्यांचे आणि चादरींचे केंद्र बनले. विकतची चादर व रग घरोघरी पोहोचू लागले. तथापि गोधडीवर खरा आघात कच्च्या मालाच्या बाजूने झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृत्रिम धाग्यांच्या साड्या रूढ झाल्या. त्या लवकर विरत नाहीत, घाम शोषत नाहीत व सुईखाली घसरतात. नऊवारी लुगड्यांचा वापर घटल्याने मऊ सुती धडपेही कमी झाले.

याच काळात ठिगळकामाकडे पाहण्याची दृष्टी अन्यत्र बदलत होती. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने १९७१ मध्ये अमेरिकन गोधड्या चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडल्या. पुढे महाराष्ट्रातही हौसेने किंवा मागणीवरून गोधड्या शिवल्या जाऊ लागल्या. अशा कामात नवे कापड रंग जुळवून विकत घेतात व बऱ्याचदा यंत्राने शिवतात. आकृतिबंध आधी ठरतो व कापड त्यानंतर येते. जुन्या गोधडीत हा क्रम उलट होता.

मूल्यमापन : बंगालमधील काही कांथांवर शिवणाऱ्या स्त्रीने आपले नाव टाचलेले आढळते, गोधडी बहुधा अनामिकच राहिली. शिवाय ती झिजेपर्यंत वापरली जाते. झिजल्यावर नव्या गोधडीच्या पोटात जाते वा पोतेऱ्याच्या कामी येते. त्यामुळे जुने नमुने फारसे उरत नाहीत. एखादा तुकडा कोणाच्या लग्नातल्या लुगड्याचा, कोणाच्या पहिल्या अंगड्याचा, हे शिवणारीलाच ठाऊक असते. ही माहिती तिच्या हयातीतच नोंदविली गेली, तरच गोधडीचा इतिहास लिहिणे शक्य आहे.