उपास आणि उपासमार

‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण ज्या समाजाने केली, त्याला उपासाची थोरवीही ठाऊक आहे आणि थट्टाही. परंतु उपासाने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न प्रयोगशाळेत शिरला तो विसाव्या शतकात.

१९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांना जीवनसत्त्वे पुरेशी, पण अन्न मोजके दिले. ते उंदीर खुजे राहिले. मात्र त्यांतले नर पोटभर खाणाऱ्या नरांपेक्षा पुष्कळच अधिक जगले. १९४६ साली शिकागोच्या कार्लसन व होल्झेल यांनी उंदरांना आळीपाळीने उपाशी ठेवले. तीन दिवसांतून एक दिवसाचा उपास सर्वांत मानवला. नरांचे आयुष्य सुमारे २० टक्के, माद्यांचे १५ टक्के वाढले.

याच दशकात, १९४४-४५ साली, मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी माणसांवर प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणारे ३६ तरुण स्वखुशीने पुढे आले. सहा महिने ते अर्धपोटी राहिले. वजन चौथाईने घटले, बळ ओसरले, मन खिन्न झाले. अन्नावाचून दुसरा विचार सुचेना.

मग खरे कोणते? दोन्ही खरे. शिकागोच्या उंदरांना उपासानंतर पोटभर खायला मिळे. मिनेसोटातील तरुणांना रोजच कमी मिळे आणि चालण्याचे कष्टही चुकत नसत. पहिला उपास, दुसरी उपासमार. संपाच्या दिवसांत चूल न पेटलेली घरे मी पाहिली आहेत. तेथे उपासाचे पुण्य कोणी सांगू नये.

उपाशी पेशी आपलेच जुने भाग मोडून पुन्हा वापरते. यीस्टमध्ये या क्रियेचा उलगडा करणारे जपानचे योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले. तथापि यीस्टपासून माणसापर्यंतची वाट लांब आहे. २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ लठ्ठ माणसांची वर्षभराची पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वांचा आहार सारखाच कमी केला होता. त्यांतील निम्म्यांनी तो सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात घेतला. वजनात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. म्हणजे गुण मुख्यतः कमी खाण्याचा, घड्याळाचा नव्हे.

तेव्हा ज्याचे ताट भरलेले आहे, त्याने एक वेळ खुशाल सोडावी. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने डॉक्टरांना आधी विचारावे. गरोदर बाईने असे प्रयोग करूच नयेत. आणि ज्याचे ताटच अर्धे आहे, त्याला उपदेश नको, उरलेली भाकरी हवी.