डिदरच्या निवडीविषयी

* ठाकूरद्वारच्या एका बिऱ्हाडातून मिळालेल्या केसरबाई केरकरांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या २४ बिटांत उतरवून त्यांची १६ बिटांची प्रत काढताना, अखेरचे ८ बिट नुसते छाटल्यास विरत्या स्वराला जी विकृती चिकटते, तिच्या निवारणार्थ मिसळावयाच्या सूक्ष्म यादृच्छिक गोंगाटास ‘डिदर’ म्हणतात. लाखेच्या तबकडीची खरखर १६ बिटांच्या तळाहून, म्हणजे पूर्ण पातळीखालील सुमारे ९६ डेसिबलांहून, पुष्कळच वर असल्याने ती स्वतःच हे कार्य करते. परंतु शेवटी ध्वनी शून्यावर नेताना तीही मावळते, आणि नेमका तेथेच षड्ज करकरू नये, म्हणून त्रिकोणी वितरणाचा साधा डिदर आम्ही मुक्रर केला. गोंगाट उच्च कंप्रतांकडे लोटणारा ‘नॉइज शेपिंग’चा प्रकार, पुढे पुन्हा संस्करण होणाऱ्या प्रतीस अयोग्य म्हणून, वर्ज्य केला. मूळ २४ बिटांची प्रत दफ्तरी अबाधित आहे.